अपाद समुद्रकाकडी

अपाद समुद्रकाकडी (गण अ‍ॅपोडिडा) : उष्ण कटिबंधातील किनाऱ्यांवर, ओहोटीने उघड्या पडणाऱ्या वाळूत आणि उथळ पाण्याच्या तळाशी बिळे करून राहणारा, गांडुळासारखा लांबट व अर्धपारदर्शक एकायनोडर्म (तारामासा, समुद्री साळ यांच्या संघातील) प्राणी. थंड समुद्रांतही या गणातील जाती आढळतात. सिनॅप्टा मॅक्युलाटा ही जाती सुमारे 3 मीटरपर्यंत वाढते. मात्र ती बीळ न करता तळावरून सरपटते.

कातडी इतकी पातळ असते की पाच उभ्या स्नायूंचे पांढुरके पट्टे आणि वाळूने भरलेले आतडे बाहेरून दिसते. नालपाद (नळीसारखे मऊ पाय) व श्वसनवृक्ष (इतर समुद्रकाकड्यांत असणारे, झाडासारखे फाटे फुटलेले श्वसनेंद्रिय) नसतात; श्वसन कातडीतूनच होते. नालपादांचा अभाव मूळचा की मागाहून आलेला, यावर मतभेद होते. जनुकीय अभ्यासात हा गण हयात समुद्रकाकड्यांमधील सर्वांत आधी वेगळी झालेली शाखा ठरतो; तरीही तारामासा व समुद्री साळ यांना नालपाद असल्याने ते येथे लोपले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सिनॅप्टिडी कुलातील जातींच्या कातडीत चुनखडीचे सूक्ष्म ‘नांगर’ असतात. विदर्भातील वाचकाला नांगर म्हटले की काळ्या जमिनीत चालणारे अवजार आठवेल. येथे अभिप्रेत आहे तो गलबताचा, दोन वाकड्या टोकांचा नांगर. प्रत्येक नांगर एका सच्छिद्र पट्टिकेशी सांध्याने जोडलेला असतो. जिवंत प्राण्याला बोट लावल्यास, गवताची कुसळे धोतराला धरावीत तशी कातडी बोटाला धरते. नांगरांचे कार्य वादग्रस्त आहे. बीळ पाडण्याचे काम मुख्यतः शरीरभित्तीच्या क्रमाक्रमाने होणाऱ्या आकुंचनाने होते, त्यामुळे नांगरांचा उपयोग मागे घसरणे टाळण्यापुरता असावा. कायरिडोटिडी कुलात नांगरांऐवजी अनेकदा चाकांच्या आकाराच्या कणिका असतात.

अन्न वाळूतील सेंद्रिय कण. ते तोंडाभोवतीच्या संस्पर्शकांनी (बोटांसारख्या मऊ अवयवांनी) गोळा केले जाते. डिवचल्यास प्राणी स्वतःचे तुकडे पाडतो, म्हणून अखंड नमुना क्वचितच हाती लागतो.

समुद्रापासून दूर, विदर्भातील खेड्यापाड्यांच्या महाविद्यालयांत या प्राण्याची गाठ पडलीच तर ती बरणीतच. साध्या फॉर्मॅलिनमधील आम्लतेने चुनखडी हळूहळू विरघळते, नांगर नाहीसे होतात आणि उरलेला नमुना एखाद्या कृमीसारखा दिसतो. अल्कोहोलमध्ये राखलेल्या नमुन्याच्या कातडीचा कण काचपट्टीवर घेऊन त्यावर ब्लीचचे दोन थेंब टाकल्यास मांसल भाग विरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली नांगर व पट्टिका सुट्या दिसतात.