४,२९,४९,६७,२९७ (पाचवी फेर्मा संख्या)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव ही दहा अंकी विषम संख्या २ च्या ३२ व्या घातात १ मिळवल्याने येते. द्विमान पद्धतीत ती लिहिताना दोन टोकांना १ आणि मध्ये एकतीस शून्ये येतात. २ च्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीने वाढणाऱ्या घातांत १ मिळवून येणाऱ्या संख्यांना फेर्मा संख्या म्हणतात. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ यांच्यानंतरची ही फेर्मा संख्या असून, क्रम शून्यापासून मोजत असल्यामुळे ती सहावी असूनही पाचवी म्हणवते.

आधीच्या पाचही संख्या अविभाज्य आहेत, हे पाहून फ्रेंच गणितज्ञ प्येर द फेर्मा यांनी १६४० च्या सुमारास अशा सर्वच संख्या अविभाज्य असाव्यात, असे मत मांडले. सिद्धता मात्र त्यांच्याकडे नव्हती. हे मत पुढच्याच संख्येपाशी कोसळले. गणितज्ञ गोल्डबाख यांनी १७२९ मध्ये पत्रातून या प्रश्नाकडे लक्ष वेधल्यावर स्विस गणितज्ञ लेओनहार्ट ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवून दिले, की ही संख्या ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे.

६४१ सापडणे हा केवळ चिकाटीचा भाग नव्हे. ऑयलर यांनी पुढे सिद्ध केलेल्या नियमानुसार या संख्येच्या अविभाज्य अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरलीच पाहिजे, त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ एवढेच क्रमाने तपासावे लागतात व पाचव्या भागाकाराला बाकी शून्य येते. फ्रेंच गणितज्ञ ल्युका यांनी १८७८ मध्ये ६४ च्या जागी १२८ आणल्यावर २५७ आणि ६४१ एवढेच उरतात. २५७ ही स्वतःच फेर्मा संख्या आहे आणि कोणत्याही दोन फेर्मा संख्यांना १ वाचून सामाईक अवयव नसतो, म्हणजे खरे तर पहिलाच भागाकार पुरतो. दुसरा अवयव ६७,००,४१७ हाही अविभाज्य आहे; त्याच नियमाने ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्यांनी भागून पाहिले की खात्री पटते.

भागाकार न करताही ६४१ ची विभाज्यता दाखवता येते. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १ आणि ६२५ + १६ सुद्धा. पहिल्या रूपावरून ५ × १२८ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ मानता येते. चौथा घात घेतला, की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात याची बाकी १ होते. दुसऱ्या रूपामुळे ६२५ च्या जागी −१६ ठेवता येतो, आणि २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ येते, म्हणजे त्यात १ मिळवल्यावर बाकी शून्य.

ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात दोन रीतींनी लिहिता येते: ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज, तशीच ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांची. अविभाज्य संख्येला अशी दुसरी रीत असूच शकत नाही. उलट, फेर्मा यांच्याच लघुप्रमेयावर (अविभाज्य संख्येने न भागल्या जाणाऱ्या पायाचा, त्या संख्येहून एक कमी एवढा घात तिने भागल्यास बाकी १ उरते) आधारलेली कसोटी २ हा पाया घेऊन लावली तर ही संख्या बेमालूमपणे अविभाज्य भासते. पाया ३ घेतला की बिंग फुटते.

एवढ्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती पट्टी-कंपासाने काढता येत नाही, कारण त्यासाठी बाजूंच्या संख्येचे विषम अविभाज्य अवयव वेगवेगळ्या फेर्मा संख्या असावे लागतात आणि इथे दोन्ही अवयवांपैकी एकही फेर्मा संख्या नाही. दोनच बाजू कमी केल्या, तर मात्र ती तत्त्वतः काढता येते, कारण ४,२९,४९,६७,२९५ हा आधीच्या पाचही फेर्मा संख्यांचा गुणाकार आहे.