शिपिंग कंटेनरचा पुनर्वापर

जहाजावरून माल वाहून दमलेले, किंवा परत न्यायला परवडत नाही म्हणून बंदरात पडून राहिलेले लोखंडी कंटेनर घर, ऑफिस, दुकान, गोडाऊन, हॉस्टेल अशा कामांना लावणं म्हणजे कंटेनरचा पुनर्वापर. माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रान्सपोर्टवाल्याच्या 'आयडियल एक्स' जहाजाने १९५६ साली ५८ कंटेनर नेवार्कहून ह्यूस्टनला नेले आणि तिथून हा डबा जगभर पसरला, पुढे मापं ठरली (२० किंवा ४० फूट लांब, ८ फूट रुंद, साडेआठ फूट उंच, हाय क्यूब असेल तर साडेनऊ) आणि मापं सगळीकडे एकच असल्यामुळेच जुना डबा कुठल्याही ट्रेलरवर चढतो, कुठल्याही क्रेनने उचलता येतो.

आता मुख्य गोष्ट, जी विकणारे सहसा सांगत नाहीत. कंटेनरची ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत असते, जहाजावर एकावर एक थर लागतात त्यांचं सगळं वजन या खांबांवरूनच खाली जातं. बाजूच्या भिंती म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचा नागमोडी पत्रा, पण तो पत्राच सांगाड्याला ताठ ठेवतो, त्यामुळे मोठी खिडकी किंवा दोन कंटेनर जोडायला अख्खी भिंत गॅस कटरने उडवली की छत झोल खातं आणि मग आधाराला लोखंडी चॅनल, अँगल, वेल्डिंग, म्हणजे स्वस्तात घर म्हणून घेतलेल्या डब्यावर फॅब्रिकेशनवाल्याचंच बिल चढत जातं. फ्लोअरिंग साधारण २८ मिलिमीटर जाड प्लायचं असतं आणि त्याला कीड लागू नये म्हणून बरेचदा औषध मारलेलं असतं, राहायला वापरणार असाल तर ते काढा नाहीतर नीट सील तरी करा.

दुसरा त्रास उन्हाचा. नुसता पत्रा, तोही बंद, मे महिन्यात आत भट्टी होते आणि थंडीत रात्री छताला आतून पाणी सुटतं. म्हणून ग्लास वूल किंवा पफ पॅनल (मध्ये फोम भरलेले पत्रे) लावतात, पण साध्या कंटेनरची आतली उंची मुळात आठ फुटाला दोन-तीन इंच कमी, त्यात इन्सुलेशन आणि फॉल्स सीलिंग आलं की वर पंखा लावायची सोय राहत नाही (हाय क्यूब घ्या, बाकी काही ऐकू नका).

त्यामुळे डबा जितका कमी कापला तितका तो जास्त उपयोगी पडलाय असं दिसतं. किर्गिझस्तानात बिश्केकजवळचा दोर्दोय बाजार हे त्याचं जबरदस्त उदाहरण, तिथे गल्ल्याच्या गल्ल्या दुमजली कंटेनरच्या आहेत, खालच्यात दुकान, वरच्यात माल, संध्याकाळी दार लावलं की धंदा बंद. न्यूझीलंडमध्ये फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर क्राइस्टचर्चमध्ये त्याच वर्षी कंटेनरचं 'री:स्टार्ट' मार्केट उभं राहिलं, आणि तिथेच डोंगराखालच्या रस्त्याच्या कडेला कंटेनरची रांग लावून कोसळणारे दगड अडवले, म्हणजे काहीही बदल न करता थेट भिंत! ॲमस्टरडॅमच्या कीटवोनेन वसाहतीत तर हजारेक विद्यार्थ्यांसाठी कंटेनरच्या आकाराच्या खोल्या रचल्या होत्या.

कतारचं स्टेडियम ९७४ सगळ्यांना माहितीय, २०२२ च्या वर्ल्ड कपसाठी ९७४ कंटेनर वापरून बांधलेलं (आकडा मुद्दाम, कतारचा फोन कोडही तोच), सात मॅच झाल्या. पण तिथेही मोठा भार वेगळ्या स्टीलच्या सांगाड्यावर आहे, कंटेनरमध्ये टॉयलेट, खाण्याचे स्टॉल वगैरे.

आपल्याकडे न्हावाशेवा बंदरामुळे उरण-पनवेल पट्ट्यात कंटेनर यार्ड भरपूर आहेत आणि जुना माल तिथे मिळतो. मात्र बिल्डरच्या साइटवर किंवा हायवेला 'कंटेनर ऑफिस' म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं नव्या पत्र्याचं पोर्टा केबिन असतं, त्याने समुद्र कधी बघितलेलाच नसतो. खरा कंटेनर ओळखायचा तर चारी कोपऱ्यांना भोकं असलेले जाड लोखंडी ठोकळे आहेत का बघा आणि दारावर सीएससीची (कंटेनर-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराची) धातूची पट्टी शोधा, तिच्यावर बनवल्याची तारीख असते. घेताना आत जाऊन दार लावून घ्या, कुठून उजेड येतो ते दिसतं, तिथूनच पावसात गळणार. शेतात ठेवायचा असेल तर 'तात्पुरता आहे, परवानगी लागत नाही' हे विकणाऱ्याचं ऐकून ॲडव्हान्स देऊ नका, आधी ग्रामपंचायतीत विचारा, आणि ट्रेलर-क्रेन तुमच्या रस्त्याने आत वळतात का तेही बघून ठेवा.