मण्यार, नाग आणि 50 नॅनोमीटरची फट

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सुजत नाही, पुष्कळदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते आणि घरचे ते पित्तावर ढकलतात. मग पापण्या उचलेनाशा होतात, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते, घोट उतरत नाही आणि शेवटी श्वास अपुरा पडू लागतो. या वेळी मेंदू शाबूत असतो, हृदय चालू असतं, स्नायूही धडधाकट असतात. बिघाड झालेला असतो तो चेतातंतूचं टोक आणि स्नायू जिथे भेटतात त्या जागी.

चेतापेशीच्या पडद्यातले पंप दर खेपेला सोडिअमचे 3 आयन बाहेर टाकतात आणि पोटॅशिअमचे 2 आत घेतात. आत साठलेलं पोटॅशिअम थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं, त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे 70 मिलिव्होल्टने ऋण राहते. संदेश निघाला की सोडिअमची दारं उघडतात, सोडिअम आत घुसतं आणि आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच पोटॅशिअमची दारं उघडून ते बाहेर पडतं आणि स्थिती पूर्ववत होते. हे सगळं साधारण एका मिलिसेकंदात. तारेतली वीज लांब जाताना क्षीण होते. इथे मात्र पुढच्या प्रत्येक टप्प्यावर संदेश नव्याने उभा राहतो, म्हणून कंबरेपासून पावलापर्यंतच्या मीटरभर अंतरातही तो तितकाच जोरकस राहतो. स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंवर मायलिनचं स्निग्ध वेष्टन असतं. संदेश त्यातल्या मोकळ्या जागांवरून उड्या मारत सेकंदाला 50 ते 60 मीटर वेगाने जातो.

टोकाशी मात्र त्याची वाट संपते. पुढे सुमारे 50 नॅनोमीटरची फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद, आणि हा विद्युत संदेश ती ओलांडू शकत नाही. इथून पुढचं काम रसायनाचं. संदेश पोहोचला की टोकात कॅल्शिअम शिरतं. त्यामुळे तिथल्या सूक्ष्म पिशव्या पडद्याला चिकटून फुटतात. एकेका पिशवीत ॲसिटिलकोलीन या रसायनाचे हजारो रेणू असतात. ते फट ओलांडून स्नायूवरच्या ग्राहींना, म्हणजे हे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांना, जोडले जातात. एका ग्राहीला दोन रेणू मिळाले की त्याचं दार उघडतं, स्नायूत नवा विद्युत संदेश उठतो आणि स्नायू आकसतो. फटीतलंच एक विकर (एन्झाइम), ॲसिटिलकोलीनएस्टरेज, वापरलेले रेणू लगोलग तोडून टाकतं. रेणू तसेच राहिले तर स्नायूला पुढचा हुकूम वेगळा कळणारच नाही.

नाग आणि मण्यार दोघेही लुळेपणा आणतात, पण फटीच्या वेगवेगळ्या काठांवर. नागाचं विष स्नायूच्या बाजूला ग्राहींवर ठाण मांडून बसतं. ॲसिटिलकोलीन सुटतं, पण त्याला जागा मिळत नाही. म्हणून प्रतिविषासोबत डॉक्टर निओस्टिग्मिन हे औषध देतात. ते विकराला रोखतं, फटीत ॲसिटिलकोलीन साचतं आणि विषाशी झुंजून काही ग्राही परत मिळवतं. त्यापायी लाळ वाढू नये, हृदय मंदावू नये म्हणून जोडीला ॲट्रोपिन.

मण्यारीच्या विषातला मुख्य घटक अलीकडच्या काठावर, चेतातंतूच्या टोकावरच हल्ला करतो. आधी पिशव्या रित्या होतात, मग टोकच उद्ध्वस्त होतं. सोडायला ॲसिटिलकोलीनच उरलं नाही तर निओस्टिग्मिन काय वाढवणार? प्रतिविष रक्तात फिरणारं विष निकामी करतं; मोडलेलं टोक ते सांधू शकत नाही. ते टोक शरीरालाच नव्याने वाढवावं लागतं आणि त्याला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून मण्यारीच्या दंशात प्रतिविषाला झालेला एकेक तासाचा उशीर महाग पडतो.

निओस्टिग्मिन ज्या विकराला तात्पुरतं रोखतं, त्यालाच मोनोक्रोटोफॉससारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशकं जखडून ठेवतात. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा या गटातल्या कीटकनाशकांचं नाव पुढे आलं होतं. अशा विषबाधेत ॲसिटिलकोलीन साचतच जातं: घाम, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर आणि शेवटी थकून लुळे पडलेले स्नायू. ॲट्रोपिन लाळ आणि छातीतला स्राव आटवतं, पण स्नायूंच्या ग्राहींवर त्याचा उपयोग नाही. कीटकनाशक कपड्यांतून आणि कातडीतूनही आत जातं, म्हणून आधी कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवायला हवं. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

साप चावल्यावर दोरी करकचून बांधू नये, चिरा देऊ नये, विष चोखू नये. हातपाय न हलवता रुग्णाला थेट प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावं. पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड, एवढी जोडी दिसली तरी दंशाची खूण शोधत बसू नये.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना माहीत असायलाच हवी. मण्यारीच्या गंभीर दंशात बाहुल्या उजेडाला प्रतिसाद देत नाहीत, बोटही हलत नाही, आणि माणूस गेला असं वाटतं. पण हे विष मेंदू बंद पाडत नाही. श्वास यंत्रावर वेळेत आणि नीट चालू राहिला असेल तर त्याला शेजारचं बोलणं ऐकू येत असू शकतं आणि सुई टोचलेलीही कळत असू शकते. उत्तर द्यायला लागणारे स्नायू तेवढे त्याच्या ताब्यात नसतात.