हार्डवेअर वॉलेट लावताना: पहिल्या अर्ध्या तासाचं गणित

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. ॲपवर आकडे दिसत होते, पण पैसे काढायची सोय बंद झाली होती. तेव्हापासून जळगाव-भुसावळकडच्या ओळखीतल्या पोरांकडून एकच प्रश्न वारंवार येतो: "दादा, हार्डवेअर वॉलेट घेऊ का? आणि घेतलं तर लावायचं कसं?" हार्डवेअर वॉलेट म्हणजे नाणी खर्च करायची किल्ली एक्स्चेंजकडे न ठेवता आपल्याजवळ ठेवणारं छोटं उपकरण.

क्रिप्टोत पैसे घालावेत की नाही, हा वेगळा विषय आहे आणि त्यात मी पडत नाही. ज्यांनी आधीच घातले आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उपकरण विकत घेतलं म्हणजे काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. खरं तर नाणी सुरक्षित राहणार की नाही, हे उपकरण पहिल्यांदा चालू केल्यावरच्या अर्ध्या तासात ठरतं. त्या अर्ध्या तासात नेमकं काय घडतं, ते समजून घेतलं तर चुका आपोआप टळतात.

पेनड्राइव्हएवढ्या त्या वस्तूत एकही नाणं नसतं. कोणत्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहेत, याच्या नोंदी जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारख्या ठेवलेल्या असतात. उपकरणात असते फक्त एक संख्या, जिला प्रायव्हेट की म्हणतात. ती २५६ बिटांची (बिट म्हणजे शून्य किंवा एक), म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत लिहिली तर साधारण ७८ अंकी असते. या संख्येवर एका विशिष्ट वक्राचं गणित चालवलं की सार्वजनिक की मिळते आणि तिच्यावरून पत्ता तयार होतो. हे गणित पुढच्या दिशेनं काही शे पायऱ्यांत उरकतं. उलट्या दिशेनं, म्हणजे सार्वजनिक कीवरून प्रायव्हेट की काढायची, तर आजच्या संगणकांना जमेल अशी एकही रीत कुणाला सापडलेली नाही. म्हणून पत्ता खुशाल कुणालाही द्यावा. किराणा दुकानाच्या गल्ल्यावर चिकटवलेल्या क्यूआर कोडसारखा तो असतो, त्यावर पैसे टाकता येतात, काढता येत नाहीत. काढायला प्रायव्हेट कीची सही लागते.

ही सही कुठे होते, यात सगळं मर्म आहे. मोबाइलवरच्या वॉलेटमध्ये की मोबाइलच्याच मेमरीत असते आणि त्याच मोबाइलमध्ये आपण कुठून कुठून आलेली ॲप टाकलेली असतात. हार्डवेअर वॉलेटमध्ये संगणक फक्त व्यवहाराचा मसुदा बनवतो आणि उपकरणाकडे पाठवतो. उपकरण आतल्या आत सही करतं आणि सही केलेला व्यवहार परत देतं. की बाहेर येतच नाही. संगणकात व्हायरस असला, तरी त्याच्या हाती लागते ती एका व्यवहाराची सही, आणि तीही आपण उपकरणाचं बटण दाबलं तरच. २०१४ मध्ये प्राग शहरातल्या एका कंपनीनं ट्रेझर हे या जातीचं पहिलं उपकरण बाजारात आणलं. तेव्हापासून अनेक कंपन्या आल्या, पण मूळ कल्पना तीच राहिली.

आता खोकं उघडू. उपकरण कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून किंवा तिनं नेमलेल्या विक्रेत्याकडूनच घ्यावं. कुणी वापरलेलं स्वस्तात देत असेल तर नको म्हणावं. २०२० मध्ये लेजर या फ्रेंच कंपनीच्या ग्राहकांची नावं आणि पत्ते फुटले आणि पुढच्या वर्षी त्यांपैकी काहींच्या घरी टपालानं फुकट 'नवीन' उपकरणं आली. आत फेरफार केलेली होती. वॉलेट परत उभं करायला बारा किंवा चोवीस शब्द लागतात, त्यांचं पुढे येईलच. खोक्यातल्या कार्डावर ते शब्द आधीच लिहिलेले असतील तर ते उपकरण परत करा, कारण ते शब्द लिहिणाऱ्याकडे तुमच्या नाण्यांची किल्ली आधीपासून आहे. उपकरण कोरंच यायला हवं. पहिल्यांदा जोडल्यावर कंपनीच्या अधिकृत ॲपमधून त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करावं, मग 'नवीन वॉलेट तयार करा' हा पर्याय निवडावा.

हे बटण दाबताच उपकरण आतल्या विद्युत गोंगाटातून शून्य-एकांची एक लांब ओळ उचलते, जिच्यापासून पुढे प्रायव्हेट की तयार होतात. बारा शब्दांचं वॉलेट असेल तर १२८ बिट. शक्यता किती? ३९ अंकी संख्येइतक्या. कुणी जगातले सगळे संगणक जुंपले, तरी एकेक करून तपासणं शक्य नाही. मात्र यात एक अट आहे: ती ओळ खरोखर यादृच्छिक, म्हणजे कुणालाही अंदाज बांधता येणार नाही अशी हवी. ऑगस्ट २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या यादृच्छिक संख्या बनवण्याच्या पद्धतीतच खोट निघाली आणि त्यावर चालणाऱ्या वॉलेटमधून बिटकॉइन चोरीला गेले. २०२३ मध्ये लिबबिटकॉइन नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या एका साधनाचं बिंग फुटलं. ते दिसायला लांबलचक की बनवत होतं, पण तिच्या मुळाशी फक्त ३२ बिटांचं यादृच्छिकपण होतं. म्हणजे शक्यता ४,२९,४९,६७,२९६ एवढ्याच. चोरांनी त्या सगळ्या तपासल्या. म्हणून कुठल्या तरी संकेतस्थळावरून शब्द बनवून घेणं किंवा 'माझ्या मनानं बारा शब्द निवडतो' म्हणणं, दोन्ही घातक. माणसाचं मन यादृच्छिक नसतं, ते आवडीनिवडीनं चालतं. ज्यांचा उपकरणावरही विश्वास बसत नाही, त्यांच्यासाठी कोल्डकार्डसारख्या काही उपकरणांत फासे टाकून ओळ बनवायची सोय आहे. साधा सहा बाजूंचा फासा पन्नास वेळा टाकला की १२८ बिटांहून थोडं जास्तच यादृच्छिकपण मिळतं.

एवढी लांब ओळ माणसानं उतरवून घ्यायची तर चूक होणारच. म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत सुचवली गेली, बिप-३९. तिच्यात २०४८ सोप्या इंग्रजी शब्दांची ठरावीक यादी आहे. २०४८ म्हणजे दोनचा अकरावा घात, म्हणून एका शब्दात बरोबर अकरा बिट बसतात. १२८ बिटांना चार पडताळणी बिट जोडले की १३२ होतात, आणि १३२ भागिले ११ म्हणजे बारा शब्द. चोवीस शब्दांच्या वॉलेटमध्ये २५६ बिट आणि आठ पडताळणी बिट असतात. पडताळणी बिटांमुळे एखादा शब्द चुकला तर उपकरणाला बहुतेक वेळा ते कळतं. हे बारा शब्द म्हणजे सीड फ्रेज. यांच्यापासून वॉलेटमधल्या सगळ्या की पुन्हा जन्माला घालता येतात, ही पद्धत वापरणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या उपकरणावर. उपकरण हरवलं, फुटलं, नळाखाली पडलं, तरी फिकीर नाही. शब्द मात्र गेले की सगळं गेलं.

शब्द उपकरणाच्या इवल्याशा पडद्यावर येतात. त्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. घरात किंवा दुकानात सीसीटीव्ही असेल तर त्याच्या नजरेबाहेर बसा. जाड कार्डावर, बॉलपेननं, क्रमांक घालून, इंग्रजी मोठ्या अक्षरांत एकेक शब्द लिहा. देवनागरीत लिहायचा मोह टाळा. 'राइट' असा उच्चार होणारे दोन शब्द त्या यादीत आहेत, एकाचा अर्थ बरोबर आणि दुसऱ्याचा लिहिणे. पाच वर्षांनी 'राइट' वाचून कोणता ते कळणार नाही. जेल पेनची शाई पाण्यानं पसरते. बिलाच्या थर्मल कागदावरची छपाई तर आमच्या जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दोन-तीन मोसमही टिकत नाही. फोटो काढू नका, स्वतःच्याच व्हॉट्सॲपवर पाठवू नका, मेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवू नका. फोटो काढला की तो आपसूक क्लाउडवर चढतो आणि कधीच इंटरनेट न पाहिलेली की त्या क्षणी इंटरनेटवर जाते. लॅमिनेशनसाठी झेरॉक्सच्या दुकानात नेणं हाही प्रकार मी ऐकला आहे. दुकानदार भला असेल, पण शब्द त्याच्या डोळ्यांखालून गेले.

कागदाचे आपल्याकडचे शत्रू सगळ्यांना माहीत आहेत: जुन्या धाब्याच्या घरात वाळवी, पावसाळ्यात गळणारं छत, स्वयंपाकघरातली आग. म्हणून रक्कम मोठी असेल तर पोलादी पट्टी करावी. भांड्यांच्या दुकानात ताटावर नाव कोरून देतात, तिथे पट्टी देऊ नये. हार्डवेअरच्या दुकानातून अक्षरांचे पंच आणि हातोडी आणावी आणि घरीच ठोकावं. सगळा शब्द ठोकायची गरज नाही. यादी अशी रचली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून कोणताही शब्द निश्चित ओळखता येतो. ॲल्युमिनियमची पट्टी नको, ती ६६० अंशांना वितळते आणि घराची आग त्याच्या वर जाऊ शकते. स्टेनलेस स्टीलला १४०० अंशांच्या आसपास पोहोचावं लागतं.

इथे बरेच जण एक हुशारी करतात. शब्द तेच ठेवायचे, क्रम मात्र उलटसुलट लिहायचा, आणि खरा क्रम डोक्यात. यातली खोट दाखवायला खानदेशातलंच गणित पुरेसं आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यानं तिथे मठ स्थापला, अशी त्यात नोंद आहे. त्या ग्रंथांपैकी 'लीलावती'त अंकपाश नावाचं प्रकरण आहे, म्हणजे मांडण्यांचं गणित. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म किती तऱ्हांनी देता येतील? चोवीस. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू? ३६,२८,८००. हाच हिशेब बारा शब्दांना लावला की ४७,९०,०१,६०० मांडण्या येतात. आकडा मोठा दिसतो, पण त्या चार पडताळणी बिटांमुळे दर सोळा मांडण्यांपैकी सरासरी एकच ग्राह्य ठरते. उरतात जेमतेम तीन कोटी. चांगल्या संगणकाला हे काही तासांचं काम आहे. चोराच्या वाटेत एवढाच अडथळा, आणि आपण स्वतः क्रम विसरलो तर तेच तीन कोटी आपल्या डोक्यावर.

अर्धे शब्द एका ठिकाणी आणि अर्धे दुसरीकडे, हाही तसाच प्रकार. सहा शब्द चोराच्या हाती लागले तर उरलेल्यांसाठी त्याला ३९ अंकी शक्यतांऐवजी १९ अंकी शक्यता शोधाव्या लागतात. आजही ते सोपं नाही, पण अभेद्यपणा गेला तो गेलाच. शिवाय दोन्हींपैकी एक जरी तुकडा हरवला तर आपण बुडालो. त्यापेक्षा संपूर्ण शब्दांच्या दोन प्रती, दोन वेगळ्या गावांत, हेच माझं मत: एक जळगावला आपल्याकडे, दुसरी धुळ्याला विश्वासाच्या बहिणीकडे, बंद करून.

शब्दांवर आणखी एक पासफ्रेज, म्हणजे आपण स्वतः ठरवलेला जादा पासवर्ड, जोडता येते. तेच शब्द, पण वेगळी पासफ्रेज दिली की पूर्ण वेगळं वॉलेट उघडतं. चुकीची दिली तर 'चूक' असं उपकरण सांगत नाही, रिकामं वॉलेट दाखवतं. २०२० मध्ये क्रॅकन एक्स्चेंजच्या सुरक्षा पथकानं ट्रेझर हातात मिळाल्यास पंधरा मिनिटांत त्यातली सीड काढता येते, असं दाखवलं होतं. अशा हल्ल्याला पासफ्रेज रोखते. तरी साध्या कुटुंबासाठी मी तिचा आग्रह धरणार नाही. चोरापेक्षा विसरण्याचा धोका जास्त असतो.

उपकरण उघडायच्या पिनची चिंता त्या मानानं कमी. लेजरवर तीनदा आणि ट्रेझरवर ठरावीक वेळा चुकीचा पिन दिला की उपकरण स्वतःला पुसून टाकतं, आणि शब्द जवळ असतील तर सगळं परत येतं. शब्दच नसतील तेव्हा काय होतं, ते स्टीफन थॉमस या प्रोग्रामरच्या ७,००२ बिटकॉइनवरून जगानं पाहिलं. ते एका कुलूपबंद पेनड्राइव्हवर होते आणि पासवर्डचा कागद हरवला.

म्हणूनच नाणी पाठवण्याआधी एक परीक्षा हवी, आणि बहुतेक जण नेमकी हीच टाळतात. वॉलेट तयार झालं की त्याचा पहिला पत्ता टिपून घ्या. मग उपकरण मुद्दाम पुसा. कार्डावरचे शब्द वाचून, उपकरणाच्याच बटणांनी, वॉलेट पुन्हा उभं करा. तोच पत्ता आला तर कार्ड बरोबर. आला नाही तर चूक आत्ताच कळली, एक रुपयाही न गमावता. शब्द संगणकाच्या कीबोर्डवर टाइप करायला सांगणारं कुठलंही ॲप, संकेतस्थळ किंवा फोनवरचा 'कस्टमर केअर' चोरच समजा. कंपनीला तुमचे शब्द कधीच लागत नाहीत.

पुढे एक्स्चेंजवरून आधी थोडी रक्कम पाठवून पाहावी. काही ॲपवर नाणी बाहेर काढण्याची सोयच नसते, ते आधी तपासावं. नेटवर्क, म्हणजे नाणी ज्या जाळ्यावरून जातात ते, दोन्हीकडे एकच आहे ना, तेही. पत्ता कॉपी-पेस्ट करताना तो बदलणारे व्हायरस आहेत, म्हणून उपकरणाच्या पडद्यावरचा पत्ता अक्षर न् अक्षर जुळवावा. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजचे सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले. सह्या करणाऱ्यांना संगणकावर रोजचा व्यवहार दिसत होता, प्रत्यक्षात सही दुसऱ्याच मजकुरावर झाली. उपकरणावर वाचता येत नाही त्यावर बटण दाबायचं नाही, एवढी शिस्त पाळायलाच हवी. कराच्या बाबतीत, १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये नेल्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा, खरेदीची किंमत दाखवायला तो लागेल.

राहता राहिलं घर. बँकेतल्यासारखा नॉमिनी इथे नसतो. आपल्यामागे बायको-मुलांना शब्द सापडले नाहीत तर कुठल्याही कोर्टाचा हुकूम ती नाणी हलवू शकत नाही. म्हणून साध्या मराठीत एक पत्र लिहून ठेवावं: उपकरण कुठे आहे, पट्ट्या कुठे आहेत, काय करायचं, कोणाला विचारायचं आणि कोणाला अजिबात विचारायचं नाही. शब्द त्या पत्रात लिहू नयेत. आणि आपण धडधाकट असताना घरच्या एकाला ते पत्र वाचून, पुसलेल्या उपकरणावर वॉलेट परत उभं करायला लावावं. तो जिथे अडेल, तिथे पत्रात आणखी एक ओळ घालावी.