शैक्षणिक समुपदेशक व्हायचंय? पदवीच्या अर्जाआधी हे तपासा

या क्षेत्रात यायचं ठरलं की बहुतेक जण आधी विद्यापीठं शोधतात. माझ्या मते सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी. जिथे काम करायचं आहे, तिथे समुपदेशकाला परवाना लागतो का, लागत असल्यास कोणती पदवी चालते, हे आधी बघा. पदवी हातात आल्यावर ती परवान्याला पुरत नाही असं कळलं, तर पुन्हा वेळ आणि पैसा घालावा लागू शकतो.

अनेक देशांत या कामासाठी पदव्युत्तर पदवी लागते. प्रवेशासाठी मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्याची पदवी सोयीची. इतर शाखांतल्यांना काही विद्यापीठं आधी पूरक विषय पूर्ण करायला सांगतात. काही ठिकाणी शिकवण्याचा अनुभवही मागतात.

अभ्यासक्रम पारखताना प्रात्यक्षिकाचे तास पाहा. अमेरिकेत समुपदेशन अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ‘कॅक्रेप’ या संस्थेच्या निकषांत किमान 60 सेमिस्टर क्रेडिट, 100 तासांचं प्रॅक्टिकम (देखरेखीखालचा सुरुवातीचा सराव) आणि 600 तासांची इंटर्नशिप आहे. इंटर्नशिपमधले 240 तास थेट समुपदेशनाचे. इतरत्र नियम वेगळे असतील, पण तुलनेला हे आकडे उपयोगी पडतात. ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर एक प्रश्न विचाराच: प्रात्यक्षिकासाठी शाळा विद्यापीठ मिळवून देणार, की आपण शोधायची?

अर्जासोबत पदवी प्रमाणपत्र, सर्व वर्षांची गुणपत्रकं, ओळखपत्र, बायोडेटा, उद्देशपत्र (हा अभ्यासक्रम का करायचा आहे ते सांगणारं लेखन) आणि साधारण दोन-तीन शिफारसपत्रं लागतात. परदेशात अर्ज करत असाल तर भाषा परीक्षेचा निकाल आणि बऱ्याचदा पदवीचं समकक्षता मूल्यांकनही, म्हणजे आपली पदवी तिथल्या कोणत्या पदवीच्या तोडीची आहे याचा दाखला.

उद्देशपत्रावर मनापासून वेळ घाला. ‘मला मुलं आवडतात’ एवढ्याने काही कळत नाही. विषय निवडताना गोंधळलेल्या किंवा शाळा सोडायच्या बेतात असलेल्या एखाद्या विद्यार्थ्यासोबत तुम्ही काय केलंत, कुठे अडलात, ते लिहा. मात्र त्या मुलाचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील देऊ नका. गोपनीयता हा या पेशाचा पाया आहे आणि निवड समितीचं त्याकडे लक्ष असतं. शिफारसपत्रांपैकी एक प्राध्यापकाचं आणि एक तुमचं काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीचं घ्या. नातेवाइकांचं चालत नाही.

निवडीआधी मुलाखत होऊ शकते. शाळेत पाऊल ठेवण्यापूर्वी चारित्र्य पडताळणीही लागते. तिला वेळ जातो, म्हणून प्रवेश पक्का होताच अर्ज टाका. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र त्याही आधी बघा, कारण तो अनेकदा वेगळा असतो आणि त्याची मुदत प्रवेशाच्या मुदतीपूर्वीच संपू शकते.