क्लच प्लेटवर ताण नेमका कुठे येतो?

घाटात गाड्यांची रांग लागली की बरेच चालक हँडब्रेक न ओढता हाफ क्लचवरच गाडी धरून ठेवतात. टनभराची लहान पेट्रोल गाडी आठास एक अशा चढावर धरायला क्लचमधून साधारण 25 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जातो. इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर जवळजवळ 4 किलोवॉट शक्तीची नुसती उष्णता होते. दोन गिझर एकदम लावावेत तशी, आणि तीही वीतभर प्लेटवर!

कागदावर क्लचचा हिशोब सोपा आहे. घासणाऱ्या बाजू दोन, घर्षणांक (पकड किती ते सांगणारा आकडा) 0.3, प्लेट दाबून धरणाऱ्या डायफ्राम स्प्रिंगचा जोर 3000 न्यूटन. प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचा, म्हणजे अस्तराचा, बाहेरचा व्यास 200 मिमी, आतला 130, म्हणून सरासरी त्रिज्या 82.5 मिमी. गुणाकार सुमारे 148 न्यूटन-मीटर, क्लच न घसरता इतका टॉर्क पेलतो. इंजिनाचा कमाल टॉर्क 110 असेल तर निभावतं.

पण प्लेट सरासरीने मोडत नाही. टॉर्क अस्तरातून रिव्हेटांत, तिथून प्लेटच्या पोलादी चकतीत, मग धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांत आणि शेवटी हबच्या, म्हणजे मधल्या तुंब्याच्या, स्प्लाइनवर (आतल्या खाचांवर) उतरतो. स्प्रिंगांसाठी चकतीत खिडक्या कापलेल्या असतात. त्यांच्या कोपऱ्यांत ताण एकवटतो. किती, हे वरच्या गुणाकारातून कळत नाही.

तिथे फायनाइट एलिमेंट पद्धत कामी येते. विमानांच्या रचनेसाठी टर्नर, क्लफ आणि सहकाऱ्यांनी 1956 साली ती मांडली. हे नाव क्लफ यांनी 1960 साली दिलं. प्लेटचे हजारो लहान तुकडे कल्पायचे. एकेका तुकड्याचं वागणं साधं असतं. सगळ्यांची समीकरणं संगणक एकत्र सोडवतो. खिडक्या सारख्या अंतरावर असतील तर अख्खी चकतीही घ्यावी लागत नाही, एक फाक पुरते.

पडद्यावरच्या रंगीत चित्राला मात्र भुलू नये. कोपरा अगदी टोकदार काढला, तर तुकड्यांची जाळी जितकी बारीक करावी तितका तिथला ताण वाढतच जातो, कधी स्थिरावतच नाही. हा दोष पोलादाचा नाही, चित्राचा. प्रत्यक्ष भागाला असलेली गोलाई मॉडेलमध्ये दाखवली, की आकडा एका जागी थांबतो. मगच त्यावर बोलावं.

खरी गुंतागुंत उष्णतेची. क्लच प्लेटवर दाबणारी बिडाची प्रेशर प्लेट एकाच बाजूने तापते आणि किंचित वाकते. मग अख्खी बाजू न टेकता अरुंद कडंच टेकतं. तिथे दाब जास्त, म्हणून घर्षण जास्त, म्हणून आणखी ताप. गॅरेजमध्ये जुना क्लच उघडला की बिडाच्या प्लेटवर निळसर डाग दिसतात, ते याच चक्राचे. म्हणून ताण आणि तापमान एकत्रच सोडवावं लागतं.

त्यातही घर्षणांक स्थिर धरला तर उत्तर फसवं येतं. अतितापलेल्या अस्तराचा घर्षणांक घसरतो. 0.3 चा 0.2 झाला, तर तोच गुणाकार 99 वर येतो. इंजिन 110 देतंय. आता पेडलवरून पाय पूर्ण काढला तरी क्लच घसरतो, आणि घसरला की आणखी तापतो.