आनंदा देवी: इंग्रजांच्या बेटावरची फ्रेंच लेखणी

मॉरिशसवर इंग्रजांनी दीडशेहून अधिक वर्षं राज्य केलं, तरी तिथली वर्तमानपत्रं आजही मुख्यतः फ्रेंचमध्ये निघतात. याचं मूळ १८१० सालच्या तहात आहे. बेट जिंकताना इंग्रजांनी फ्रेंच मळेवाल्यांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज कायम ठेवायचं कबूल केलं. त्यांच्यासोबत भाषाही टिकली. पुढे १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावर बांधलेले मजूर, आले. भोजपुरी, तमिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही त्यांत होते. कचेरीत इंग्रजी, रस्त्यावर क्रेओल (फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली), वाचायला फ्रेंच आणि देवघरात पूर्वजांची भाषा, असा तो संसार.

१९५७ साली त्र्वा बुतिक गावात तेलुगू वंशाच्या घरी जन्मलेल्या लेखिका आनंदा देवी यांनी फ्रेंच निवडली ती अशी. पंधराव्या वर्षी त्यांना फ्रेंच रेडिओच्या कथास्पर्धेत बक्षीस मिळालं. मग लंडनमध्ये मानववंशशास्त्राची डॉक्टरेट, काही वर्षं काँगो आणि १९८९ पासून फ्रान्समधलं, स्विस सीमेलगतचं फेर्ने-व्होल्तेर. पोटापाण्याला भाषांतर.

मराठी वाचकाला त्यांच्या पुस्तकांत ओळखीचं वाटेल ते १९९३ सालच्या कादंबरीचं नाव: 'द्रौपदीचं वस्त्र'. आपल्याला द्रौपदी म्हटलं की भरसभा आठवते. मॉरिशसच्या तमिळ परंपरेत मात्र तिच्या नावाने निखाऱ्यांवरून चालतात. कादंबरीतल्या अंजलीचा मुलगा आजारी आहे आणि हे व्रत तिने करावं असा नवऱ्याचा आग्रह. श्रद्धा तिची नाही, पाय मात्र तिचे भाजणार! घरातल्या बाईवर घरच्यांचाच हक्क, हा विषय त्यांनी पुढे कधी सोडला नाही. 'हिरवी साडी'मध्ये (२००९) तर मरणाला टेकलेला एक क्रूर डॉक्टर स्वतःच बोलतो. वाचताना अंगावर काटा येतो आणि पुस्तक खालीही ठेववत नाही.

नाव झालं ते २००६ च्या 'एव्ह द से देकॉम्ब्र' ('आपल्या भग्नावशेषांतली ईव्ह') या कादंबरीने. राजधानी पोर्ट लुईमधली एक काल्पनिक गरीब वस्ती, चार तरुण आवाज. त्यांतला साद फ्रेंच कवी रँबोच्या कवितेने झपाटलेला, खोलीच्या भिंतींवर ओळी लिहिणारा. या कादंबरीला फ्रेंचभाषक जगाचा 'पाच खंड' पुरस्कार मिळाला. २०२४ चं नॉयश्टाट हे अमेरिकेतलं आंतरराष्ट्रीय साहित्य पारितोषिकही आनंदा देवींना मिळालं. १९७२ साली ते गाब्रिएल गार्सिया मार्केझला मिळालं होतं.

कविता त्या कमी लिहितात, पण कादंबरीतलं गद्यही कवीचंच. २०१७ सालच्या छोट्या संग्रहात समुद्र ओलांडणारे निर्वासित आहेत. बोटीतून आलेल्यांच्या वंशजाने तो विषय घ्यावा हे साहजिकच. त्या कविता त्यांनी तीन भाषांत छापल्या: फ्रेंच, इंग्रजी आणि क्रेओल.